पिल्लांच्या खुराकात चिमूटभर हिरवं: दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना स्पिरुलिना कशी द्यावी

दूध तोडून चौथा-पाचवा दिवस उजाडला की गोठ्यात शिरताना माझी नजर आधी पिल्लांच्या शेपटीकडं जाते. शेपटीखाली पिवळट, पाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं की समजायचं, पुढचे आठ दिवस आता आपली झोप गेली.

ही ढाळ का लागते हे आधी डोक्यात बसलं पाहिजे, म्हणजे स्पिरुलिना या सूक्ष्मशेवाळाचं काम कळेल. कालपर्यंत जवळजवळ तासातासाला आईचं कोमट दूध पिणारं पिल्लू एका दिवसात मका-ढेपेच्या भरड्यावर येतं. पहिला दिवस-दीड दिवस ते नीट खातच नाही. आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक कोंब असतात, त्यांच्यातूनच अन्नरस शोषला जातो. या उपासात ते कोंब आखूड होतात. मग भूक अनावर होते, पिल्लू एकदम टच्च खातं, न पचलेलं अन्न पुढं सरकतं आणि त्यावर ई-कोलायसारखे जंतू माजतात. पिल्लू दोन दिवसांत सुकतं, आणि वाचलं तरी महिनाभर मागं राहतं.

यावर वर्षानुवर्षं खुराकातून अँटिबायोटिक देण्याची सवय सगळीकडं होती. युरोपात वाढीसाठी खुराकात अँटिबायोटिक घालणं २००६ साली बंद झालं, ढाळेवर औषधी मात्रेत दिलं जाणारं झिंक ऑक्साइड २०२२ साली बंद झालं. आपल्याकडं २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन हे अँटिबायोटिक वापरायला बंदी आली. मग आतडं सांभाळणारं दुसरं काय, याचा शोध सुरू झाला आणि त्यात सूक्ष्मशेवाळाचं नाव पुढं आलं: मुख्यतः स्पिरुलिना आणि क्लोरेला.

आता आधीच सांगून टाकतो. स्पिरुलिनात ५५ ते ७० टक्के प्रथिन असतं हे खरं. पण म्हणून ती सोयाबीन ढेपेच्या जागी घालायची वस्तू नाही. शंभर किलो खुराकात एक किलो, एवढंच तिचं काम. फ्रान्समध्ये दूध तोडलेल्या पिल्लांना १ टक्का शेवाळ दिलं तेव्हा वजनात फरक पडला नाही, पण पचन सुधारलं, आतड्यातले कोंब लांब राहिले, आणि क्लोरेला दिलेल्यांत ढाळ कमी दिसली. पोर्तुगालमध्ये स्पिरुलिना थेट १० टक्के घातली तेव्हा पिल्लांची वाढ उलट घटली. कारण तिचं प्रथिन आतड्यात खळीसारखं घट्ट होतं आणि पचन अडतं. त्यामुळं "पिल्लं दुप्पट वेगानं वाढतात" असं सांगून कुणी पाकीट विकत असेल तर त्याला चहा पाजा आणि रवाना करा.

कोणतं शेवाळ, आणि कोणतं अजिबात नाही

आपल्या कामाची स्पिरुलिना. क्लोरेला चांगलीच, पण तिच्या पेशीभोवतीचं कवच टणक असतं. ते कारखान्यात फोडलेलं असेल तरच पिल्लाला नीट पचते, आणि घरी ते फोडता येत नाही. स्पिरुलिनाला तसं कवच नाही. शिवाय ती सूतासारखी लांब असल्यानं कापडानं गाळता येते. शास्त्राच्या हिशेबानं ती शेवाळ नसून नीलहरित जीवाणू आहे, पण बाजारात आणि बोलण्यात शेवाळच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

ती आपल्याला परकीही नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी खारट आणि सोड्यासारखं अल्कधर्मी, आणि अशाच पाण्यात स्पिरुलिना आपसूक वाढते. लोणारात ती सापडते. म्हणून तिथून कॅन भरून आणायचा विचार मात्र करू नका. ते अभयारण्य आहे, आणि त्या पाण्यात इतर कोणते जीव आहेत ते तुम्हाला कळणार नाही.

सगळ्यांत मोठा धोका गावतळ्याचा. भंडारा, गोंदियाकडं मामा तलाव आहेत, बाकी विदर्भात शेततळी आहेत. उन्हाळ्यात किंवा पाऊस उघडल्यावर पाण्यावर हिरव्या ऑइलपेंटसारखी साय चढते. मला एकानं विचारलं होतं, "भाऊ, हेच गोळा करून घातलं तर फुकटात काम होते ना?" नाही होत. ती साय बहुतेक वेळा मायक्रोसिस्टिस या विषारी जातीची असते, आणि तिच्यातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष यकृतावर जातं. उकळूनही ते विष मरत नाही. अशा तळ्याचं पाणीसुद्धा पिल्लांना पाजू नका.

अझोला म्हणजे सूक्ष्मशेवाळ असा गैरसमज फार आहे. अझोला हे पाण्यावर तरंगणारं नेचं आहे. त्यात तंतू जास्त, पाणी तर फारच. मोठ्या डुकरांना थोडं चालतं. दूध तोडलेल्या पिल्लाच्या पोटात ती नुसती जागा अडवते.

शेवाळाआधीची कामं

ही झाली नसतील तर पाकीट फोडूच नका. तिसऱ्या दिवसाच्या आसपास लोहाचं इंजेक्शन झालेलं असावं. स्पिरुलिनात लोह असतं, पण सिमेंटच्या फरशीवर वाढणाऱ्या पिल्लाची गरज त्यानं भागत नाही, इंजेक्शन चुकवू नका. जंताचं औषध आणि स्वाइन फीवरची लस पशुवैद्यकाच्या वेळापत्रकानं. पिल्लं दोन आठवड्यांची झाली की आईजवळच आडोसा करून कोरडा खुराक चाखायला द्यायला सुरुवात करा. दूध सहा आठवड्यांच्या आत तोडायची घाई लहान पालकानं करू नये. आणि तोडताना डुकरीण हलवा, पिल्लं त्यांच्या ओळखीच्या जागेतच राहू द्या.

हॉटेलचं उष्टं घालत असाल तर ते उकळलेलंच हवं, आणि पिल्लांना तेही नको. २०२० पासून देशात आफ्रिकन स्वाइन फीवर आहे आणि उष्ट्यातल्या मांसातून तो गोठ्यात शिरतो.

किती लागेल याचा हिशेब

इथं बरेच जण उलट्या बाजूनं सुरुवात करतात. आधी स्पिरुलिना पिकवायचं टाकं खोदतात, मग पिल्लं मोजतात. मीही तेच केलं होतं.

दूध तोडल्यावर पहिल्या आठवड्यात पिल्लू दिवसाला दीडशे-दोनशे ग्रॅम खातं, चौथ्या आठवड्यात सहाशे-सातशेपर्यंत जातं. चार आठवड्यांचा थोडा हात राखून हिशेब धरला तर एका पिल्लाला साधारण १४ किलो खुराक लागतो. त्याचा १ टक्का म्हणजे १४० ग्रॅम. एका पिल्लाला आख्ख्या महिन्यात एवढीच स्पिरुलिना!

तुमच्याकडं दोन डुकरिणी व्यायल्या, वीस पिल्लं हाती लागली, तर २८०० ग्रॅम. याच्यासाठी टाकं खोदायचं? तीन किलो भुकटी विकत आणा आणि मोकळे व्हा. दहा डुकरिणी असतील, वर्षाला दोन वेत, दर वेताला साडेआठ पिल्लं जगली, तर १७० पिल्लं आणि वर्षाला २४ किलोच्या आसपास माल. इथून पुढं घरी पिकवण्याचा विचार करायला अर्थ आहे.

पैशाचाही एक हिशेब करून बघा. भाव तुमच्याकडचे घाला. समजा सोयाबीन ढेप ५० रुपये किलो आणि तिच्यात ४५ टक्के प्रथिन, तर प्रथिन पडलं १११ रुपये किलो. स्पिरुलिना समजा ६०० रुपये किलो आणि ६० टक्के प्रथिन, तर प्रथिन १००० रुपये किलो. म्हणजे प्रथिनासाठी ती घेणं निव्वळ वेडेपणा. पण पिल्लामागं १४० ग्रॅम म्हणजे ८४ रुपये. वीस पिल्लांत १६८० रुपये गेले आणि त्यात एक पिल्लू मरता वाचलं तर पैसे फिटले. हा जुगार खेळायचा की नाही ते तुमच्या गोठ्यातल्या मरतुकीवरून ठरवा. ज्याच्याकडं ढाळेनं पिल्लं मरतच नाहीत त्यानं कशाला खर्च करावा?

विकतचा माल पारखताना

जनावरांच्या खुराकाच्या दर्जाची भुकटी घ्या, गोळ्या-कॅप्सूल नकोत. रंग गडद निळसर-हिरवा हवा. पोपटी किंवा खाकी दिसली तर ऊन लागलेलं किंवा जुनी आहे. वास थोडा तळ्यासारखा, थोडा वाळल्या गवतासारखा असतो. सडक्या मासळीचा किंवा अमोनियाचा भपकारा आला तर परत करा. काचेच्या ग्लासात पाण्यावर चिमूटभर टाकून रात्रभर ठेवा. चांगल्या मालातून निळसर रंग पाण्यात उतरतो. विक्रेत्याकडं शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि मायक्रोसिस्टिन यांचा तपासणी अहवाल मागा. स्पिरुलिना पाण्यातले जड धातू स्वतःत साठवून घेते, म्हणून ही मागणी जास्तीची नाही. "अहवाल कशाला लागतो" असं म्हणणाऱ्याचं दुकान सोडून द्या.

आणल्यावर हवाबंद डब्यात, अंधारात. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत भट्टी असते, तिथं ठेवू नका. माठाच्या बाजूची जागा बरी.

खुराक कसा जुळवायचा

दूध तोडलेल्या पिल्लाला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिन लागतं. शंभर किलोसाठी मी वापरतो ते प्रमाण असं:

मका भरडा ५२ किलो
सोयाबीन ढेप २५ किलो
राइस पॉलिश १० किलो
मासळीची पूड ६ किलो
गूळ २ किलो
खाण्याचं तेल दीड किलो
मिनरल मिक्स्चर २ किलो
मीठ ३०० ग्रॅम
लायसिन २०० ग्रॅम
स्पिरुलिना १ किलो

लायसिन का? प्रथिन ज्या घटकांनी बनतं त्यातला तो एक, आणि डुकराच्या खुराकात सगळ्यांत आधी तुटवडा पडतो तो लायसिनचा. स्पिरुलिनाच्या प्रथिनात ते सोयाबीनच्या प्रथिनापेक्षा कमी असतं. म्हणजे ढेप काढून शेवाळ घालणाऱ्यानं दोन्हीकडून नुकसान करून घेतलं.

पूर्व विदर्भात कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, स्वस्त मिळते. मक्याचा अर्धा वाटा कनकीचा केला तर पिल्लांना उलट सोपं जातं. कुकूस मात्र नको, त्यात तुसाचा अंश फार. घरचं सोयाबीन आहे म्हणून कच्चं भरडून घालू नका, कच्च्या दाण्यात प्रथिनाचं पचन रोखणारं द्रव्य असतं आणि ढाळ हमखास लागते. नीट भाजलेलं चालेल. सरकीची ढेप आपल्याकडं जिकडंतिकडं आहे, गाईम्हशींना घालतो तशी डुकरांना घालावी असं वाटतं; तिच्यातलं गॉसिपॉल डुकराला मारक आहे, पिल्लांना तर शिवायचीच नाही. मोहाच्या टोरीची ढेपही तशीच बाजूला ठेवा. मासळीची पूड दाताखाली घेऊन बघा, कचकच लागली तर त्यात रेती आहे, आणि फार खारट लागली तर यादीतलं ३०० ग्रॅम मीठ घालू नका.

मिसळण्यात आळस केला तर सगळं वाया. एक किलो भुकटी फावड्यानं शंभर किलोत कधीच सारखी पसरत नाही, एका पिल्लाच्या वाट्याला गोळा आणि दुसऱ्याला काहीच नाही. आधी स्पिरुलिना, लायसिन, मीठ आणि मिनरल मिक्स्चर पाच किलो मका भरड्यात हातानं चोळून घ्या. ते वीस किलोत मिसळा. मग ते उरलेल्या ढिगात, आणि ढीग तीन वेळा इकडून तिकडं पालटा. सगळीकडं सारखी हिरवट झाक दिसली की झालं. इथं शेवाळाचा रंगच तुमचा तपासनीस. शिजवलेली कनकी घालत असाल तर ती पूर्ण थंड झाल्यावरच शेवाळ टाका. एका वेळी दहा दिवसांपुरतंच कालवा, पावसाळ्यात आठवड्यापुरतं.

कोणत्या दिवशी किती

दूध तोडायच्या पाच-सहा दिवस आधी, आईजवळ चाखायला देत असलेल्या खुराकात अर्धा टक्का, म्हणजे किलोला ५ ग्रॅम घालायला लागा. वास ओळखीचा झाला की तोडल्यावर पिल्लू खुराकाला तोंड लावायला फार वेळ घेत नाही. तोडल्यावर पहिले तीन दिवस तेच प्रमाण. चौथ्या दिवसापासून किलोला १० ग्रॅम, ते चार आठवडे पूर्ण होईपर्यंत.

पहिला आठवडा खुराक दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा द्या, पंधरा-वीस मिनिटांत संपेल इतकाच. उरलेला काढून डुकरिणीला. कोरडं खात नसतील तर पाण्यात खिचडीसारखं सैल करा, पण भिजवलेलं पुढच्या वेळेपर्यंत ठेवू नका. उन्हाळ्यात दोन तासांत आंबतं. पाणी कायम समोर आणि सावलीत.

विष्ठा हिरवट होईल. पहिल्यांदा घरातल्या सगळ्यांनी मला बोलावून दाखवली होती. हिरवी पण घट्ट असेल तर ठीक. हिरवी आणि पातळ असेल तर ढाळ ती ढाळच, शेवाळाच्या रंगावर ढकलू नका. अशा वेळी स्पिरुलिना दोन-तीन दिवस थांबवा, मीठ-साखरेचं पाणी सुरू करा, पशुवैद्यकाला बोलवा. अंगावर लाल-जांभळे चट्टे, खूप ताप आणि पाठोपाठ मरतूक दिसली तर तो खुराकाचा प्रश्नच नाही. जनावर हलवू नका, विकू नका, सरकारी दवाखान्यात लगेच कळवा.

अर्ध्यांना द्या, अर्ध्यांना नका देऊ

हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग वर्षभर "फायदा वाटतो" असं म्हणत राहतात. दर वेतातली पिल्लं दोन भागांत वाटा, जड-हलकी दोन्हीकडं सारखी येतील अशी. दोन कप्पे, तीच जागा, तोच खुराक, फक्त एकात स्पिरुलिना. दर आठवड्याला ठरल्या वारी सकाळी उपाशीपोटी पोत्यात घालून काट्यावर वजन. वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: किती खुराक गेला, किती पिल्लांना पातळ झालं, मेलं का. चार आठवड्यांनी ढाळेचे दिवस मोजा. एका वेतावरून निकाल लावू नका, दोन-तीन वेतं होऊ द्या.

घरी पिकवायची असेल तर

वर्षाला २४ किलो माल हवा. बरं सांभाळलेलं टाकं चौरस मीटरला दिवसाला ५ ते ८ ग्रॅम सुका माल देतं. ६ धरा. विदर्भात वर्षातले दोनशे दिवस चांगले मिळतात असं धरलं, तर २० चौरस मीटरचं टाकं पुरतं. १० मीटर लांब, २ मीटर रुंद. खोदायची गरज नाही. सपाट जागी विटांचा तीन-चार थरांचा कठडा करून आत जाड पन्नी अंथरा. पाणी १५ सेंटिमीटर, जास्त खोल केलं तर तळाला उजेड पोचत नाही. असं ३००० लिटर पाणी बसतं.

पाणी बोअरचं की विहिरीचं ते बघून ठरवा. यवतमाळ, चंद्रपूरकडं फ्लोराइडचा प्रश्न आहे. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक केंद्रांच्या आसपास तर तपासणीशिवाय पाऊल टाकू नका. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातले लोक मला विचारतात, आमचं खारं पाणी शेवटी कुठं तरी उपयोगी येईल का? येऊ शकतं, स्पिरुलिनाला सोडियम आवडतं. पण क्षार किती, कोणते, हे पाण्याच्या अहवालावरून बघायचं आणि मीठ तेवढं कमी करायचं. जड पाणी असेल तर सोडा टाकल्यावर पांढरा साका बसतो. एक दिवस थांबून वरचं नितळ पाणी घ्या.

३००० लिटरला लागतं ते: खाण्याचा सोडा २४ किलो, साधं मीठ १५ किलो, १३-०-४५ हे विद्राव्य खत ६ किलो, १२-६१-० ३०० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ६०० ग्रॅम, हिराकस (फेरस सल्फेट) ३० ग्रॅम. संत्र्याला ठिबकमधून खत देणाऱ्याला ही नावं तोंडपाठ असतात, कृषी केंद्रात मिळतात. सोडा मात्र खाण्याचाच, धुण्याचा नाही. हिराकस थेट टाकली तर लोह तळाला बसतं. लिंबाच्या रसात विरघळवून टाका. सुपर फॉस्फेट नको, ते नीट विरघळत नाही आणि त्यातून कॅडमियम येऊ शकतं. शेणस्लरीवर स्पिरुलिना वाढवतात असं ऐकाल. पिल्लांच्या तोंडात जाणाऱ्या मालाला मी ती कधी लावली नाही, लावणारही नाही.

युरियाबद्दल स्वतःची फजिती सांगतो. स्वस्त पडतो म्हणून मी ओंजळभर टाकला. स्पिरुलिनाच्या पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास असतो, त्या पाण्यात युरियापासून अमोनिया सुटतो. दुसऱ्या दिवशी टाकं पिवळं, तिसऱ्या दिवशी फेसाळ आणि दुर्गंध. महिन्याची मेहनत नालीत गेली.

बियाणं म्हणजे जिवंत, गडद हिरवं पाणी. ते खात्रीच्या उत्पादकाकडून आणा, आणि भिंगाखाली सगळे धागे एकाच जातीचे दिसतात का ते बघायला सांगा. वीस लिटर बियाणं तीन हजार लिटरमध्ये ओतलं तर उन्हानं फिकट पडून मरतं. आधी टबात चाळीस लिटर, गडद झालं की ऐंशी, मग दीडशे, असं दर वेळी दुप्पट करत जा. या काळात वर हिरवी जाळी ताणलेली हवी. पूर्ण टाकं भरायला महिना लागतो, त्याला इलाज नाही.

रोजचं काम म्हणजे ढवळणं. नवा खराटा घ्या, फक्त याच कामाला ठेवा, दिवसातून निदान चार-पाच वेळा टाकं हलवा. न हलवलेल्या टाक्यात वरचा थर उन्हानं जळतो आणि खालचा अंधारात उपाशी राहतो. उडून गेलेलं पाणी साध्या पाण्यानं भरून काढा. क्षार उडत नाहीत, त्यामुळं पुन्हा सोडा-मीठ टाकू नका. सामूची पट्टी आठवड्यातून दोनदा, ९.५ ते १०.५ मध्ये असलं की इतर शेवाळं फारशी शिरत नाहीत.

काढणी केव्हा? पांढरी बशी काठीला बांधून पाण्यात सोडा. तीन सेंटिमीटरवरच दिसेनाशी झाली तर माल तयार. पहाटे काढा, तेव्हा प्रथिन जास्त असतं आणि ऊनही नसतं. आधी जाड जाळीतून किडे, पानं गाळा, मग ३० ते ५० मायक्रॉनच्या कापडातून पाणी जाऊ द्या. एका वेळी टाक्यातल्या पाण्याचा चौथा-पाचवा हिस्साच गाळा. गाळलेलं पाणी परत टाक्यात. कापडावर राहिलेला लगदा स्वच्छ पाण्यानं भराभर एकदा धुवा, नाहीतर सोडा-मीठ पिल्लांच्या पोटात जातं. मग श्रीखंडाचा चक्का बांधतो तसा कापडात बांधून वर दगड ठेवा. दाबून झालेला पाच किलो लगदा म्हणजे साधारण एक किलो सुका माल.

ओला लगदा त्याच दिवशी, दोन-तीन तासांत खुराकात घातला तर वाळवायची गरज नाही. मात्र पाचपट मोजा, किलो खुराकाला ५० ग्रॅम. वाळवायचा तर शेवयाच्या सोऱ्यातून बारीक शेव जाळीवर पाडा, सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी. एप्रिलमध्ये चार-पाच तासांत काडीसारखी कडक होते. जाड पोळी थापून वाळवली तर आतून आंबते, तेही मी करून पाहिलं आहे. कट्‌ असा आवाज करून तुटली की दळून डब्यात भरा.

जितका माल काढाल तितकं खत परत द्यावं लागतं. सुक्या मालात दहा टक्के नत्र असतो, म्हणजे किलोमागं १०० ग्रॅम. तो भरायला १३-०-४५ पाऊण ते एक किलो, सोबत १२-६१-० ५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ५० ग्रॅम आणि हिराकशीची चिमूट. जास्त घातलं म्हणून जास्त पिकत नाही.

आपलं ऊन, आपला पाऊस

स्पिरुलिनाला ३५ अंशांच्या आसपासचं पाणी सगळ्यांत मानवतं. त्यामुळं फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आपले कमाईचे महिने. मे महिन्यात हवा ४५ वर जाते, उथळ टाकं तापतं, आणि पाणी ४० च्या वर गेलं की वाढ खुंटते. दुहेरी जाळी घाला, पाणी २० सेंटिमीटर करा, दुपारी ढवळत राहा, काढणी कमी करा. पावसात वर पन्नीचा उतार हवा; एका मोठ्या पावसानं सोड्याचं प्रमाण पडतं आणि टाक्यात भलतीच शेवाळं घुसतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठतात, माल निम्म्यावर येतो. संध्याकाळी पन्नी झाका, सकाळी उघडा.

टाक्याचा रंग पिवळा पडला, पाण्यावर तपकिरी फेस आला, किंवा वास बदलला तर त्या दिवसाचा माल पिल्लांना नाही, मोठ्या डुकरांनाही नाही, कोंबड्यांनाही नाही. दोन-तीन दिवस जाळी दुहेरी करून काढणी थांबवा. सावरलं तर ठीक. नाहीतर टाकं रिकामं करून घासायचं आणि बाजूला जपून ठेवलेल्या टबातल्या बियाण्यापासून पुन्हा सुरू करायचं. तो टब कायम भरलेला ठेवा, टाक्यापासून दूर, सावलीत, झाकणाखाली.

पिल्लांचं दूध तोडून चार आठवडे झाले की त्यांना शेवाळ बंद करून वाढीच्या खुराकावर आणा. तिथं १८ टक्के प्रथिन पुरतं आणि आतडं सावरलेलं असतं. खुराक बदलतानाही चार दिवस जुना-नवा मिसळून द्या, एकदम नको. उरलेली भुकटी पुढच्या वेतासाठी डब्यात, वर वाळवल्याची तारीख लिहून.